लाइट आली की भागाअक्का वारते

रुपचंद ग्रामपंचायतीचा शिपाई होता, पण गावाला तो आवाज म्हणूनच ठाऊक होता. भडगाव तालुक्यातलं, गिरणा नदीच्या काठचं ते गाव. पाणी कुठल्या गल्लीला कधी सुटणार, रेशन आलं की नाही, कुणाची म्हैस हरवली, कोण वारलं, हे सगळं वर्षानुवर्षं त्याच्या तोंडून गावाला कळत आलं होतं. आधी तो चौकात उभा राहून ओरडे. मग पाण्याच्या टाकीवर भोंगे बसले आणि त्याच्या हातात माईक आला. या नोकरीने त्याचं घर चालवलं आणि बोलणं मात्र कायमचं बिघडवलं. जेवायला बसल्यावरही तो म्हणे, “कळविण्यात येते की वरणात मीठ नाही.” त्याची बायको दिपमाला तितक्याच गंभीरपणे म्हणे, “संबंधितांनी उठून घ्यावं,” आणि जागची हलत नसे.

त्याची आई भागाबाई. गाव तिला भागाअक्का म्हणे. टीव्हीवर तिचा विश्वास नव्हता, कारण त्यातली माणसं ओळखीची नव्हती. भोंग्यावर होता. भोंगा म्हणाला पाणी, की तिचा हंडा नळाखाली. भोंगा म्हणाला लस, की तिचा दंड उघडा. गंमत अशी, की तीच गोष्ट रुपचंदने घरात सांगितली तर ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करी. घरातला रुपचंद हे तिचं पोर होतं, आणि पोरं काहीही बोलतात. भोंग्यातला रुपचंद म्हणजे पंचायत.

मागच्या वर्षी पंचायतीने डबा बसवला. टाकीखालच्या खोलीत कुलूपबंद लोखंडी पेटी, आत एक लहानसा कॉम्प्युटर, आणि त्याच्या ताब्यात दोन कामं: नदीतल्या विहिरीवरची मोटर आणि टाकीवरचे भोंगे. जळगावहून समाधान नावाचा इंजिनिअर तो बसवायला आला होता. सडपातळ, समंजस, प्रत्येक वाक्याआधी ‘काका’ म्हणणारा. यात विंडोज नाही, लिनक्स आहे, असं त्याने सांगितलं. सरपंच मोतीलाल आबांनी मान डोलावली, कारण विंडोज नसल्याचं त्यांना काही दुःख नव्हतं. समाधानने पुढे समजावलं, की लाइट आली की डबा आपणहून उठतो. उठल्याबरोबर कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची, ते त्याच्या आत लिहून ठेवलेलं असतं. कुणी बटण दाबायला नको, कुणी तिथं असायलाही नको.

रुपचंदला हे फार आवडलं. इतकं, की त्याने आपल्याकडून एक मागणी केली. भोंगा बोलता बोलता लाइट जाते आणि गावाला अर्धीच बातमी कळते. एकदा ‘उद्या पाणी’ एवढंच ऐकू आलं आणि ‘येणार नाही’ हे अंधारात राहिलं. दुसऱ्या दिवशी बायका रिकामे हंडे घेऊन त्याच्या दारात बसल्या होत्या. तेव्हा असं करता येईल का, की लाइट परत आली की डब्याने शेवटची घोषणा पहिल्यापासून पुन्हा म्हणावी? समाधान म्हणाला, सोपं आहे. उठल्यावरच्या कामांत त्याने तेही एक काम लिहून टाकलं. मोटर सुरू कर, मग शेवटची घोषणा म्हण. गावात लाइट दिवसातून कितीदा येते हे त्याने विचारलं नाही. आपल्याच जिल्ह्यात दीपनगरला वीज तयार होते हे गावाने शाळेच्या पुस्तकात वाचलेलं होतं, आणि पुस्तकावर कुणाचा राग नव्हता.

वैशाखात भागाबाईला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. जवळ रुपचंदची बहीण सारिका आणि पाचोऱ्याचे दाजी होते. रुपचंदला पाणीटंचाईच्या दिवसांत गाव सोडता येत नव्हतं. मग एका दुपारी दाजींचा फोन आला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आहे, आता काही करण्यासारखं नाही, वाटेतही काही होऊ शकतं. गाडी निघते आहे.

रुपचंद पंचायतीच्या पायरीवर बसला. मोतीलाल आबा त्याच्या शेजारी बसले, खांद्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने कामाचं बोलले. गावात सगळ्या गोष्टी लाइट असेपर्यंत उरकायची रीत होती. दळण, इस्त्री, मोबाइलचं चार्जिंग, पोरांचा अभ्यास, जे काही असेल ते आधी करून ठेवायचं, कारण नंतर लाइट असेलच असं नाही. आबा म्हणाले, आत्ता लाइट आहे. घोषणा भरून ठेव. गाडी आली, की मग लावू. ऐनवेळी लाइट नसली आणि ती आली तेव्हा तू आईजवळ असलास, तर गावाला आणि शिवारातल्या वस्त्यांना कोण कळवणार, आणि तेव्हा तुझा आवाज तरी निघेल का.

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. रुपचंद उठला आणि माईक हातात घेतला. माईक हातात आला की त्याचा आवाज त्याचा राहत नसे; तो स्थिर, भारदस्त आणि शुद्ध होई. “कळविण्यात अत्यंत दुःख होते की, आपल्या गावातील भागाबाई यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले आहे. त्या अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. अंत्ययात्रा त्यांच्या राहत्या घरून निघेल.” मनमिळाऊ हा आरोप भागाबाईवर तोवर कुणीही केलेला नव्हता. पण वाक्य ठरलेलं असतं.

घोषणा डब्यात साठली. शेवटची म्हणून साठली. थोड्या वेळाने लाइट गेली, आणि गाडी वेशीतून आत शिरत असताना आली.

डबा उठला, मोटर सुरू केली, आणि बोलला.

गाडीत भागाबाई सलाइनच्या बाटलीखाली आडवी होती. धुळ्यापासून तिने डोळे उघडले नव्हते. आता उघडले. सारिकाने रडत रडत तिच्या कानांवर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो तिने बाजूला सारला आणि घोषणा शेवटपर्यंत ऐकली. गाडी गल्ल्यांतून घरापर्यंत पोचेतो दारात माणसं जमली होती, बायकांनी सूर लावला होता, दोघं-तिघं बांबू तासत होते. गाडीचं दार उघडलं आणि भागाबाईने स्वतःच्या अंत्ययात्रेकडे पाहिलं. बायकांचा सूर मध्येच बसला. बांबू गोठ्यामागे गेले.

खाटेवर ठेवल्यावर तिने रुपचंदला जवळ बोलावलं. आपण कधी मेलो, एवढंच तिला विचारायचं होतं.

“मी कवय मरनी रे, भाऊ?”

“मरनी नही, माय. ती मशीननी चूक शे.”

“तो मशीनना आवाज नव्हता,” ती म्हणाली. “तुना व्हता.”

रुपचंदने तिच्या अंगावरची गोधडी नीट केली.

दुसऱ्या दिवसापासून भागाबाईने जेवण बंद केलं. गोळ्याही बंद. रागाने नव्हे, हट्टानेही नव्हे. मेलेलं माणूस जेवत नाही, एवढी साधी गोष्ट पोराला कळू नये याचं तिला नवल वाटत होतं. “मरेल मानूसले गोळ्या कसाले?” ती विचारी, आणि प्रश्न रास्त होता. पाणी घेई, कारण मेलेल्याच्या तोंडातही पाणी घालतातच. चहा घेई, कारण चहाला ती आयुष्यात कधी जेवणात धरत आली नव्हती. डॉक्टरांचा अंदाज चुकला होता, ताप उतरला होता, भडगावचा डॉक्टर येऊन म्हणून गेला होता की पोटात अन्न जाऊ द्या, म्हातारी उठून बसेल. आता सगळं त्या एका घासावर अडलं होतं.

रुपचंद रोज समजूत घाले. तुझा हात बघ गरम आहे, तुझी नाडी बघ, मी तुझ्याशी बोलतो आहे की नाही? ती विचारात पडे. एकदा तर तिने भाकरीचा तुकडा मोडून हातात धरला. तेवढ्यात पंखा फिरला, टाकीवर खरखर झाली, आणि पंचायतीने तिचं निधन झाल्याचं पुन्हा एकदा कळवलं. तिने तुकडा ताटात ठेवला आणि पोराकडे असं पाहिलं, की याला आता किती वेळा सांगायचं.

तो पंचायतीत धावला. प्लग काढावा, तर मोटर त्याच डब्यावर; कंपनीने जुना स्टार्टर काढून नेला होता आणि ऐन वैशाखात गावाला पाणी बंद करता येत नव्हतं. आवाज कमी करावा, तर बटण कुलपाच्या आत आणि किल्ली कंपनीकडे. कंपनीचा नंबर लावला की एक बाई त्याचा कॉल महत्त्वाचा असल्याचं सांगे आणि गाणं लावून देई. भोंग्याची वायर कापू का, असं त्याने आबांना विचारलं. आबा कळवळले, पण म्हणाले, पाणी कुठल्या गल्लीला सुटलं हे कळलं नाही तर नळावर डोकी फुटतील, भाऊ. ग्रामसेवकाने सरकारी मालमत्तेचा विषय काढला आणि चेहरा दुःखी ठेवला. त्या दोघांचंही चुकत नव्हतं. त्या दिवसांत रुपचंदला चुकणारा माणूस कुठे सापडतच नव्हता.

ग्रामसेवकाने मग एक उपाय केला. नवीन घोषणा लिहून दिली: पूर्वीची घोषणा रद्द समजण्यात यावी, सदर महिला हयात आहेत. रुपचंदने ती भरली, लावली, घरी धावत आला. भागाबाईने ऐकली होती. तिच्या चेहऱ्यावर जरा शंका दिसत होती, चांगल्या बाजूची. संध्याकाळी लाइट गेली आणि आली, आणि डबा हयातीचं विसरून निधनावर परत आला. पुढचे दिवस हे असंच चाललं. ती जिवंत असल्याचं गावाला तो सांगे तेवढ्याच वेळा कळे. वारल्याचं लाइट आली की.

शेवटी त्याने भोंग्यांत कापूस कोंबला. टाकीच्या शिडीवर चढून, घरच्याच गाठोड्यातला. मेलेल्याच्या नाकात घालतात तो जिन्नस आपण कुठे घालतो आहोत हे अर्ध्या शिडीवर त्याच्या लक्षात आलं, पण आता खाली कशाला उतरा, म्हणून तो चढला. आवाज कमी झाला, पण शब्द कळतच राहिले. उलट आता ते कुठून तरी खोल जमिनीतून आल्यासारखे वाटू लागले. भागाबाईला ते जास्तच पटले.

माणसं येतच राहिली. शेतात वस्तीला असलेले, उशिरा ऐकलेले, लांबच्या नात्यातले, डोक्याला पांढरी टोपी घालून अंगणात शिरत आणि खाटेवर मयत पाय सोडून बसलेलं पाहून थबकत. काय बोलावं हे कुणाला कळत नसे. भागाबाईला कळे. “मना दारवर उनात, चहा लिसन जा,” ती आपल्याच दुखवट्याला आलेल्यांना म्हणे, आणि त्यांच्या सुनांची, म्हशींची, कापसाच्या लागवडीची चौकशी करी. एक झुलाल नावाचा म्हातारा तिच्या माहेरचा. तो तिच्यासमोर बसून तिच्या आठवणींनी रडला, आणि तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दिपमाला आत चहा गाळत होती. तिने रुपचंदला विचारलं, आता हसू की रडू तेवढं एकदा कळवा. त्याने कपांची थाळी उचलून बाहेर नेली.

समाधानने कंपनी सोडली होती हे रुपचंदला पंचायतीच्या जुन्या बिलावरच्या नंबरावर फोन केल्यावर समजलं. तरी तो ‘काका’ म्हणाला आणि त्याने ऐकून घेतलं. डब्यात सिम कार्ड होतं, कंपनीने पासवर्ड बदललेला नव्हता. जळगावच्या घरी बसून तो आत शिरला. उठल्यावरच्या कामांतून त्याने घोषणेचं काम काढून टाकलं. आता लाइट आली तरी डबा फक्त मोटर लावेल, म्हणाला. लाइट गेली, आली. डब्याने मोटर लावली आणि भागाबाईचं निधन कळवलं. समाधानने पाहिलं तर काढलेलं काम होतं तिथं परत होतं. त्याने मग घोषणाच पुसली. लाइट गेली, आली. घोषणा जिथल्या तिथे.

“काका, मेमरी कार्ड गेलंय,” तो म्हणाला. “वाचतं, पण लिहून घेत नाही. मी बदलतो ते त्याला तेवढ्यापुरतं पटतं. लाइट गेली की सगळं विसरतं आणि त्याच दिवसापाशी येऊन उठतं.”

हे समजायला रुपचंदला लिनक्सची गरज पडली नाही. घरात खाटेवर तेच चाललं होतं.

नवीन कार्ड घालावं लागणार होतं, आणि त्यावर मोटरचं, भोंग्याचं सगळं पहिल्यापासून बसवावं लागणार होतं. समाधान म्हणाला, सुटीच्या दिवशी करतो आणि घेऊन येतो. हे माझ्याच हातचं आहे. तोवर काय करू, असं रुपचंदने विचारलं. लाइट जाऊ देऊ नका, असं समाधान म्हणाला.

तोवर भागाबाई वाळत गेली. हाताच्या शिरा वर आल्या, बोलणं कमी झालं. लाइट आली की ती मान उचलून ऐके, आणि ऐकून झालं की डोळे मिटे. रुपचंद खाटेशी बसून राही. ज्या आवाजाने सबंध गाव हलवलं तो तिच्या कानाशी तोंड नेऊन दोन घास खा म्हणून सांगे, आणि ती त्याच्या गालाला हात लावून त्यालाच धीर देई. होतं असं, म्हणे, सगळ्यांच्याच आया जातात.

समाधान आला तो एसटीने, पाठीवर बॅग घेऊन. त्याने येताच डब्याचं कुलूप फोडलं, कुणाला न विचारता. नखाएवढं कार्ड काढलं, तेवढंच दुसरं घातलं. या वेळी उठल्यावरचं काम एकच लिहिलं होतं: मोटर. त्याने मेन पाडला, पुन्हा चढवला. मोटर घरघरली. भोंगे गप्प. पुन्हा पाडला, पुन्हा चढवला. रुपचंदने त्याचे दोन्ही हात धरले आणि तसेच धरून ठेवले.

तो घरी आला तेव्हा भागाबाई उशीला टेकून बसली होती. तेवढ्यात गावचीही लाइट एकदा जाऊन आली होती, हे तिला पंख्यावरून कळलं होतं. तिने कान दिला होता, आणि टाकीकडून काही आलं नव्हतं.

“आज सांगं नही,” ती म्हणाली.

“नही सांगाव. आते कवयच नही सांगाव, माय.” रुपचंद खाटेच्या कडेला बसला.

भागाबाईने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग समजल्यासारखी मान हलवली. “बरोबर शे. दिवस भरनात. आज गंधमुक्त.” सुतक फिटतं, कपाळाला गंध लागतं आणि घरात गोडधोड होतं तो दिवस. पंचायतसुद्धा दिवस भरेपर्यंतच सांगत राहणार, त्यापुढे कशाला सांगेल? “आते गोड करा,” ती म्हणाली.

रुपचंद बाहेर ओट्यावर येऊन बसला. एवढा खटाटोप आई जिवंत आहे हे तिला पटावं म्हणून केला होता, आणि त्यातून तिचं उत्तरकार्य निघालं होतं. आता पोळ्या करायच्या म्हणजे ती गेली हे घराने मान्य करायचं. त्याने दिपमालेला हे सांगून पाहिलं. तिने पुरणाची डाळ आधीच धुऊन घेतली होती.

“जेवतीन ना त्या?” ती म्हणाली. “मंग व्हऊ द्या गंधमुक्त.”

खापरावरच्या मोठ्या पोळ्या झाल्या, आमरस झाला. भागाबाईला उठवून पाटावर बसवलं, पाठीला गोधडीची गुंडाळी दिली. समोर ताट आलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग रुपचंदकडे.

“आधी घास टाक. तो शिवू दे.”

रुपचंद पान घेऊन धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढला. ऊन माथ्यावर होतं. त्याने कडेला पान ठेवलं आणि मागे सरकला. शेजारच्या कडुलिंबावर कावळे होते, एरवी चटणीची वाटीही न सोडणारे. एकही हलला नाही. त्यांचं काही चुकत होतं असं म्हणता येत नाही. त्यांना दिलेली खबरच खोटी होती.

कावळा शिवला नाही की मेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात, आणि माणसं हात जोडून हवेला विचारतात. इथं हवेला विचारायचं कारण नव्हतं. रुपचंद शिडी उतरून खाली आला.

“तुनी काय इच्छा ऱ्हायनी, माय?”

भागाबाईने मनापासून विचार केला.

“भूक लागनी शे,” ती म्हणाली.

तो पुन्हा वर गेला. एक कावळा उडून धाब्याच्या कठड्यावर आला, मान वाकडी करून त्याने पानाकडे आणि मग रुपचंदकडे पाहिलं, आणि तो परत गेला. खाली पोळी निवत होती. भागाबाईचा हात ताटाच्या काठावर होता, पण पुढे सरकत नव्हता. दिपमाला अंगणात आली. डोळ्यांवर हात धरून तिने वर नवऱ्याकडे पाहिलं, कडुलिंबाकडे पाहिलं, आणि आत ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, “शिवना का हो?”

रुपचंदने कावळ्यांकडे पाहिलं. मग टाकीकडे तोंड केलं, छाती भरून घेतली, आणि माईक नसताना त्याच्या तोंडून तो स्थिर, भारदस्त आणि शुद्ध आवाज निघाला.

“कळविण्यात येते की, भागाबाई यांच्या पानाला कावळा शिवला आहे.”

समोरच्या ओट्यावर तूर पाखडणाऱ्या बाईने सूप खाली ठेवून हात जोडले. खालून भागाबाईचा आवाज आला, “बरं व्हयनं.” मग पोळी मोडल्याचा आणि वाटी ओढल्याचा आवाज.

पान तसंच पडलं होतं. ते तसं कुणाला दिसणं बरं नव्हतं. रुपचंद तापलेल्या धाब्यावर उकिडवा बसला, कावळ्यांकडे पाठ केली, आणि ते घास एकेक करून त्याने स्वतःच खाल्ले.